आकडा वाढला, खेळ वाढला काय?

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणारी मुले आज जिकडेतिकडे दिसतात. वसतिगृहाच्या खोलीत, एस. टी.च्या थांब्यावर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या खुर्चीत. तरुण मान खाली घालून बसला असेल तर तो पत्ते किंवा क्रिकेटचा गेम खेळत असेल असे पूर्वी आपण गृहीत धरत होतो. आता वाकून पाहिले तर चौसष्ट घरांचा पट दिसतो. २०२० च्या टाळेबंदीने ही सवय लावली आणि पुढच्या घटनांनी ती पक्की केली. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी डिसेंबरात सिंगापूर येथे डी. गुकेश हा डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. ही सर्व गोष्ट आनंदाचीच आहे.

परंतु या आनंदात एक प्रश्न राहून जातो आणि तो अलीकडे आम्हाला वारंवार विचारला जातो. कुणी पालक विचारतात, "भाऊ, पोरगा रोज तीन-तीन तास खेळतो, म्हणतो अकराशे झाले. हे अकराशे चांगले की वाईट?" कुणी तरुण विचारतो, "सर, दोन वर्षे झाली, नऊशेच्या वर जातच नाही. आपल्या डोक्यातच नाही का ते?" पहिला प्रश्न माहितीचा आहे, त्याचे उत्तर देता येते. दुसरा प्रश्न मात्र आम्हाला अस्वस्थ करतो. कारण "आपल्या डोक्यातच नाही" हे वाक्य या मुलाने स्वतः शोधून काढलेले नाही. ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवण्यात आलेले आहे. शाळेत ऐकवले, मुलाखतीत ऐकवले, टक्केवारीच्या याद्या भिंतीवर चिकटवून ऐकवले. आता मोबाईलच्या पडद्यावरचा एक आकडा तेच ऐकवू लागला असेल, तर त्या आकड्याची उलटतपासणी झालीच पाहिजे.

हा आकडा आला कोठून? आर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले एक गृहस्थ अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतः चांगले खेळाडू होते. त्यांनी तयार केलेली मोजणीची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. त्या पद्धतीचे म्हणणे अगदी मर्यादित आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांत २०० चा फरक असेल, तर वरचा खेळाडू शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवील. फरक ४०० चा असेल तर नव्वदच्या थोडे वर. बस्स, एवढेच. हा आकडा बुद्धी मोजत नाही, स्मरणशक्ती मोजत नाही, माणसाची पात्रता तर मुळीच मोजत नाही. ठराविक लोकांच्या गटात, ठराविक वेळेच्या डावांत, आजवरच्या निकालांवरून उद्याच्या निकालाचा अंदाज बांधणे एवढेच त्याचे काम. गट बदलला की आकडा बदलतो. लिचेसवर प्रत्येक नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते, आणि पुरेसे डाव होईपर्यंत त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावलेले असते. चेस डॉट कॉमवर खाते उघडताना तुम्ही स्वतःला नवशिके म्हणता की अनुभवी, यावर सुरुवातीचा आकडा ठरतो. तेव्हा एकाचे पंधराशे आणि दुसऱ्याचे बाराशे यांची तुलना करून घरात भांडणे लावण्यात काही अर्थ नाही. फिडेने तर १ मार्च २०२४ पासून आपले किमान मानांकनच १००० वरून १४०० वर नेले. म्हणजे पालक ज्या अकराशेबद्दल विचारतात तो आकडा फिडेच्या यादीत आज अस्तित्वातच नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. या संकेतस्थळांवर प्रतिस्पर्धी निवडला जातो तो तुमच्याच तोडीचा. तुम्ही जिंकू लागलात की समोर अधिक बळकट माणूस आणून बसवला जातो, हरू लागलात की कमकुवत. याचा परिणाम असा की कितीही चांगले खेळलात तरी काही काळाने तुम्ही जवळजवळ निम्मे डाव हरणारच. हा त्या व्यवस्थेचा स्वभाव आहे. ज्याला हे माहीत नाही तो रोज रात्री निम्मे डाव हरतो आणि रोज रात्री स्वतःला दोष देत झोपतो. मग जुने खाते टाकून नवे उघडतो. आम्ही अशी मुले पाहिली आहेत ज्यांची चार-चार खाती आहेत आणि चारही एकाच आकड्यावर येऊन थांबली आहेत!

आता "डोक्यातच नाही" या वाक्याकडे वळू. बुद्धिबळ हा बुद्धीचा खेळ, आणि बुद्धी ही काही घराण्यांना जन्माने मिळते, असा समज आपल्या देशात अजूनही सभ्य भाषेत मांडला जातो. परंतु याच खेळावर शास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले ते वेगळेच सांगतात. ॲड्रियान द ग्रूट हे हॉलंडचे मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः उत्तम खेळाडू. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात त्यांनी मोठ्या खेळाडूंना आणि सामान्य खेळाडूंना चाल शोधताना मोठ्याने विचार करायला लावले. मोठे खेळाडू काही फार पुढच्या चाली मोजत नव्हते. पटावर महत्त्वाचे काय ते त्यांना लवकर दिसत होते. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी (हे सायमन म्हणजे १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) खेळाडूंना पाच सेकंद पट दाखवून तो पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातील स्थिती असेल तर मास्टर खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे. पण तेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले, तेव्हा मास्टर आणि नवशिका यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. याचा अर्थ काय? मास्टरची स्मरणशक्ती जन्मतः दैवी नव्हती. त्याने हजारो स्थिती पाहिल्या होत्या, त्या ओळखीच्या झाल्या होत्या. बुडापेस्टच्या पोल्गार दांपत्याने हेच घरात करून दाखवले. प्रतिभा घडवता येते असे मानून त्यांनी आपल्या तिन्ही मुलींना घरीच शिकवले. त्यांतली धाकटी युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा १९५८ पासूनचा विक्रम मोडला. मुलींना हा खेळ जमत नाही असे म्हणणाऱ्या मोठमोठ्या पुरुषांना तिने नंतर पटावर हरवले.

म्हणजे प्रश्न डोक्याचा नाही, पाहिले किती आणि कसे याचा आहे. येथेच आमच्या ऑनलाईन खेळाडूंची गफलत होते. ते खेळतात पुष्कळ, पाहत काहीच नाहीत. तीन मिनिटांचा डाव संपला की पडद्यावर "पुन्हा खेळा" असे बटण चमकते आणि बोट तिकडेच जाते. हरला तर राग काढायला, जिंकला तर नशा टिकवायला. दोन तासांत वीस डाव होतात आणि त्या वीसांपैकी एकाही डावातील एकही चूक त्याच्या लक्षात राहत नाही. एकच चूक वीस वेळा करणे याला कुणी सराव म्हणत असेल तर म्हणो, आम्ही म्हणणार नाही.

मग खेळ तपासायचा कसा? आमच्या मते सुरुवात हरलेल्या डावांपासून करावी. ऑनलाईन खेळणाऱ्याला एक देणगी मिळालेली आहे जी पूर्वीच्या खेळाडूंना इतक्या सहज मिळत नव्हती: त्याचा प्रत्येक डाव, प्रत्येक चाल, प्रत्येक चालीला लागलेला वेळ, सर्व आपोआप नोंदवून ठेवलेले असते. शेवटचे हरलेले वीस डाव काढावेत. वही घ्यावी. प्रत्येक डावात ज्या चालीवर डाव हातून गेला ती चाल शोधावी आणि तिच्यापुढे एकच ओळ लिहावी, त्या क्षणी आपल्या मनात काय होते. "हत्ती मोकळा होता हे दिसले नाही." "त्याच्या घोड्याकडे पाहिलेच नाही." "मात द्यायची घाई झाली." वीस ओळी झाल्या की त्या एकदम वाचाव्यात. बहुतेकांच्या वहीत वीस वेगवेगळ्या चुका निघत नाहीत, दोन किंवा तीनच निघतात, त्याच त्या पुन्हा.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे असेच डाव आम्ही त्याच्याबरोबर बसून पाहिले. त्याची पक्की समजूत होती की आपली ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, कच्च्या आहेत. त्यासाठी तो रोज सापळ्यांचे व्हिडिओ पाहत होता. वही पूर्ण झाली तेव्हा चित्र निराळे निघाले. दहाव्या-बाराव्या चालीपर्यंत त्याची स्थिती जवळजवळ प्रत्येक डावात ठीक होती. त्यानंतर पंधराव्या ते पंचविसाव्या चालीच्या दरम्यान तो एखादा मोहरा फुकट देत होता; बहुधा घोड्याच्या दुहेरी हल्ल्याला बळी पडत होता, म्हणजे एकाच चालीत राजाला शह आणि वजिरावर मारा. पण खरी गोष्ट घड्याळाने सांगितली. दहा मिनिटांच्या डावात तो हरला तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याजवळ सहा-सात मिनिटे शिल्लक होती! वेळ असूनही तो विचार करत नव्हता. समोरच्याने चाल केली की त्याचे बोट आपोआप पुढे जात होते. तीन मिनिटांच्या डावांनी लावलेली ही सवय. त्याला नवीन ओपनिंग शिकवून काय उपयोग झाला असता? आम्ही त्याला एवढेच सांगितले की प्रत्येक चालीपूर्वी हात मांडीवर ठेव आणि दोन प्रश्न विचार. त्याने आत्ता जी चाल केली ती कशासाठी? मी जी चाल करणार आहे तिने माझा कोणता मोहरा उघडा पडतो? या दोन प्रश्नांना क्लासची फी लागत नाही. (क्लास चालवणाऱ्यांना हे वाक्य आवडणार नाही, पण इलाज नाही.)

आता इंजिनाबद्दल. लिचेस हे फ्रान्समधून चालणारे, देणग्यांवर उभे असलेले, जाहिराती नसलेले आणि पूर्णपणे मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर स्टॉकफिश हे इंजिन कुणालाही फुकट वापरता येते. २००८ साली आलेले हे इंजिनही कुणाची खाजगी मालमत्ता नाही. जगभरचे लोक मिळून ते सुधारतात. जगज्जेत्यालाही हरवील असे यंत्र आज वस्तीतल्या मुलाच्या साध्या मोबाईलमध्ये आहे. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवायला आय. बी. एम. कंपनीला डीप ब्लू हा अवाढव्य महासंगणक बांधावा लागला होता, हे आठवले म्हणजे या बदलाचे मोल कळते. ज्ञान बंद कपाटातून बाहेर आले याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु यंत्र उत्तर सांगते, कारण सांगत नाही. ते म्हणते, उणे तीन पूर्णांक दोन. म्हणजे तीन प्याद्यांहून थोडे अधिक किमतीचे नुकसान झाले. का झाले? मुलगा लाल खूण पाहतो, "अरे हो" म्हणतो आणि पुढचा डाव लावतो. गणिताच्या पुस्तकामागची उत्तरे पाहून "अरे हो" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे परीक्षेत जे होते तेच याचे होते. अचूकतेची टक्केवारी हे आणखी एक मायाजाल. प्रतिस्पर्ध्याने सहाव्या चालीलाच वजीर फुकट दिला तर तुमची अचूकता पंच्याण्णव टक्के येईल. त्यात तुमचे कर्तृत्व किती?

गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला सुरुवातीची कित्येक वर्षे इंजिनापासून दूर ठेवले. ग्रँडमास्टरच्या पातळीला पोहोचेपर्यंत तो स्वतःच्या डोक्याने डावांची चिकित्सा करत होता, ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे. त्याच्याही आधी, इंजिन जन्मालाच आले नव्हते तेव्हा, सोव्हिएत रशियाचे मिखाईल बोटविनिक, जे १९४८ मध्ये जगज्जेते झाले, आपल्या डावांची चिकित्सा लिहून छापायला देत असत. छापल्यामुळे इतरांनी त्यात चुका काढाव्यात हा हेतू. आपल्या चुकांवर इतरांना बोट ठेवू देणे, यासाठी धैर्य लागते. मोबाईलवरच्या खेळाडूला हे धैर्य दाखवावे लागत नाही, कारण तो टोपणनावाआड आहे. म्हणून आमचा आग्रह असा की आधी वही, मग मित्र, आणि शेवटी इंजिन. इंजिन न्यायाधीश म्हणून बोलवावे, वकील म्हणून नव्हे. आणि डाव चालू असताना चोरून त्याची मदत घेणाऱ्यांविषयी तर बोलायचेच नाही; खाते बंद होते ते वेगळेच, पण वाढलेला आकडा कुणाचा, हे ते स्वतःला सांगू शकत नाहीत.

सापळ्यांच्या व्हिडिओंविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सर्वात जास्त वेळ तेथे वाया जातो. चार चालींत मात कशी द्यावी, वजीर आणि उंट मिळून एफ ७ च्या घरावर कसे तुटून पडावे, हे पाहून मुलगा दोन-तीनशे गुण चढतो. मग समोरचे लोक तो सापळा ओळखणारे भेटतात, वजीर भर बाजारात अडकतो आणि गाडी थांबते. येथे आम्हाला मीर सुलतान खान यांची आठवण होते. पंजाबच्या मिठा टिवाना गावचा हा माणूस सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी होता. तो देशी नियमांचे बुद्धिबळ खेळत मोठा झाला, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते आणि आजच्यासारखा किल्लेकोट नसतो. पाश्चात्त्य नियम त्याने तरुणपणी शिकले. इंग्रजी पुस्तकातील ओपनिंगची विद्या त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. असा माणूस १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. सुरुवातीला त्याची स्थिती पुष्कळदा अडचणीची असे. पण डावाच्या मध्यात आणि अखेरीस त्याच्यासमोर टिकणे भल्याभल्यांना कठीण जाई. मालकाबरोबर तो परत आला आणि जगाने त्याला विसरून टाकले. १९६६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर म्हटले ते २०२४ मध्ये! मान द्यायला लागलेल्या या उशिरावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. येथे सांगायचे एवढेच की पुस्तकी सुरुवात नसताना माणूस कुठवर जाऊ शकतो आणि त्याचे बळ कुठे असते, हे त्याच्या डावांत दिसते. ज्यांना पुस्तके मिळाली नाहीत त्यांनी ती मिळवूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण नऊशे-हजाराच्या खेळाडूने ओपनिंगवर दिवस घालवू नयेत. मधली प्यादी पुढे, घोडे-उंट बाहेर, किल्लेकोट करून राजा सुरक्षित, एवढ्यावर पुष्कळ काळ निभावते.

त्याऐवजी डावाची अखेर शिकावी. एकेका प्याद्याचे शेवट हे आपल्या मुलांचे सर्वात कच्चे अंग आहे, कारण तीन मिनिटांच्या डावात तिथवर पोहोचेपर्यंत घड्याळ संपलेले असते. एकाजवळ राजा आणि एक प्यादे, दुसऱ्याजवळ नुसता राजा. हे जिंकायचे की बरोबरीत सुटायचे? कडेचे प्यादे सोडले तर, तुमचा राजा सहाव्या ओळीवर आपल्या प्याद्याच्या पुढे जाऊन उभा राहिला की चाल कुणाचीही असो, डाव तुमचा. राजा मागे राहून प्याद्यालाच ढकलत नेले तर समोरचा राजा वाट अडवतो आणि शेवटी त्याला शहही नाही आणि चालही नाही अशी कोंडी होऊन डाव बरोबरीत जातो. हे समजायला एक दुपार पुरते. पण त्या एका दुपारीमुळे याआधी सोडून दिलेले कितीतरी डाव जिंकता येतात. आमच्या ओळखीचे अनेक जण हजार डाव खेळले आहेत आणि ही दुपार त्यांनी अजून घालवलेली नाही.

वेळेचाही विचार करावा. संकेतस्थळे दहा मिनिटांच्या डावाला रॅपिड म्हणतात. फिडेच्या नियमाप्रमाणे दहा मिनिटांचा किंवा त्याहून कमी वेळेचा डाव म्हणजे ब्लिट्झच. म्हणजे ज्याला मुले सावकाश खेळणे समजतात तेही घाईचेच. दिवसातून तीस मिनिटांचा एकच डाव खेळावा आणि तेवढाच वेळ तो तपासण्यात घालवावा. आकडा लगेच वाढणार नाही. दिवसभरात पन्नासने खाली-वर होणाऱ्या आकड्याकडे महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरे.

एवढे सर्व करूनही एक उणीव राहते आणि ती मोबाईल भरून काढू शकत नाही. खऱ्या पटासमोर बसल्यावर हा खेळाडू बावरतो. मोबाईलवर बोट ठेवले की मोहरा कुठे जाऊ शकतो ते ठिपक्यांनी दिसते, नियमाबाहेरची चाल होतच नाही. स्पर्धेत ठिपके नसतात. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. नियमाबाहेरची चाल केली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जास्त मिळतात आणि दुसऱ्यांदा केली तर डाव जातो. दीर्घ डावात चाली स्वतःच्या हाताने लिहाव्या लागतात. फिडेचे मानांकन मिळवायचे तर मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव अशा स्पर्धांतच खेळावे लागतात, आणि त्यासाठी नोंदणी, प्रवेश शुल्क, परगावचा प्रवास, मुक्काम हे सर्व आले. ज्यांच्या घरी हे परवडते त्यांची मुले आठव्या वर्षी पटासमोर बसलेली असतात. आमची मुले अठराव्या वर्षी मोबाईलवर सुरुवात करतात आणि मग त्यांच्या आकड्यांची त्यांच्याशी तुलना होते. ही तुलना कुणी केली तर त्याला त्या दहा वर्षांचा हिशेब विचारावा. मुलींचे तर याहून बिकट आहे. घरात मोबाईल एकच असेल तर संध्याकाळी तो भावाच्या हातात असतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. प्रत्येक वस्तीत समाजमंदिर आहे, बहुतेक ठिकाणी वाचनालय किंवा अभ्यासिका आहे. तेथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात तसे चार-पाच पट ठेवता येतील. गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकचे मोहरे क्रिकेटच्या एका बऱ्यापैकी बॅटपेक्षा स्वस्त मिळतात. रविवारी सकाळी दोन तास पुरे. त्यांतला पहिला तास मुलींसाठी राखून ठेवावा, म्हणजे आया त्यांना पाठवतील. ओट्यावर देशी पद्धतीने खेळणारे वयस्कर लोक अजून आहेत. त्यांना नवे नियम ठाऊक नसतील, पण घोडा कुठे येऊन बसणार हे त्यांना आधी दिसते. त्यांना खुर्ची देऊन बसवावे. येणाऱ्याने आठवड्यात हरलेला एक डाव वहीत लिहून आणावा आणि चौघांसमोर पटावर मांडून दाखवावा. कुठे चुकले हे आधी त्याने सांगावे, मग इतरांनी, आणि वाद मिटलाच नाही तर कुणाच्या तरी मोबाईलवर स्टॉकफिश उघडावे. पाहुणे बोलावून उद्‌घाटन करण्याची गरज नाही, हार-तुऱ्यांच्या पैशात आणखी दोन पट येतील.